वासाचा बंदोबस्त

४ मार्च
आजपासून रोजनिशी लिहायची. वाचायला कुणाला देणार नाही. या सांडपाणी-प्लांटचा प्रमुख झाल्यावर आपण इथवर कसे पोचलो ते आपल्यालाच आठवावं, एवढ्यासाठी.

मोठे साहेब एप्रिलअखेर रिटायर होतायत. आज मीटिंगमध्ये स्पष्ट म्हणाले, पलीकडच्या सोसायटीच्या तक्रारींनी आपलं संचालक बोर्ड वैतागलंय, महिनाअखेर पाहणी आहे. जो या सांडपाण्याचा वास घालवेल त्याचं नाव मी माझ्या खुर्चीसाठी वर पाठवीन. बोलताना माझ्याकडेच बघत होते. मॅडमचं म्हणणं, माझ्या मागच्या घड्याळाकडे.

मॅडम म्हणजे आमच्या लॅबमधली मायक्रोस्कोपवाली. तिच्या मते सांडपाणी साफ करतात ते टाकीतले जंतू, आपण फक्त ब्लोअर लावून त्यांना हवा पुरवायची. म्हणजे मी एवढा शिकलेला केमिस्ट, इथे केस पिकवले, आणि मी जंतूंचा गडी. ही बाई माझ्या डोक्यात जाते.

७ मार्च
सोसायटीचे सेक्रेटरी गेटवर. नाकाला रुमाल. मी शांतपणे म्हटलं, वास तुमच्याच घरातला आहे, आम्ही फक्त गोळा करतो. त्यांनी शिव्या द्यायला रुमाल काढला आणि लगेच परत लावला. साहेबांनी आत बोलावून मलाच झापलं.

संकल्प: यापुढे कुणाशी वाद घालायचा नाही. मॅडम सोडून.

१० मार्च, रविवार
साडूकडे जेवण. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रिफायनरीत आहे, डिझेलमधलं गंधक काढतो. सडक्या अंड्याचा वास येणारा जो वायू मला आयुष्यभर छळतोय, तोच वायू हे महाशय तिकडे रसायनात धुऊन काढतात आणि इस्त्रीच्या शर्टात घरी येतात. मला मात्र बायको अंघोळीशिवाय सोफ्यावर टेकू देत नाही.

त्याचं जेवताना लेक्चर. हायड्रोजन घालून गंधक सोडवायचं, निघालेला वायू द्रावणात शोषून घ्यायचा, राहिलासाहिला वास कॉस्टिकने धुवायचा. मग म्हणाला, पण आता मी त्या युनिटला नसतो, तीन वर्षं झाली. पुढचं मी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात मला कल्पना सुचली होती. विचारलं, सांडपाणीही असंच रसायनाने धुतलं तर?

तो हसला. "साडूभाऊ, तेल मेलेलं असतं, त्यात काहीही ओता. तुमच्या टाकीत जीव आहेत."

हाही मॅडमच्या पार्टीतला. मी आमटी दोनदा मागून घेतली, पण तोंडदेखलीसुद्धा स्तुती केली नाही.

१३ मार्च
योजना तयार. साफ झालेलं पाणी नदीत सोडण्याआधी आम्ही शेवटी त्यात क्लोरीनचं द्रावण घालतो. तेच सुरुवातीला, घाण पाणी आत येतानाच घालायचं. वास दारातच खलास. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचू नये याचं आश्चर्य वाटतं.

मॅडम म्हणाली, शेवटी घालतो ते जंतू मारायलाच. सुरुवातीला घातलं तर टाकीतले आपले कामाचे जंतू मरतील. "आपले" म्हणाली. जणू माहेरचे आहेत. साहेब म्हणाले, थोडं घालून बघा, पण थोडंच.

१५ मार्च
थोडं घातलं. वास थोडा कमी. थोडा कमी वास म्हणजे वासच की. दुप्पट केलं.

१६ मार्च
दुपटीनेही भागेना. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. थोडं म्हणजे किती, हे साहेबांनी कुठे सांगितलं होतं?

संध्याकाळी वास गायब. सगळीकडे पोहण्याच्या तलावासारखं प्रसन्न वातावरण. ऑपरेटर डोळे चुरचुरतात म्हणून कुरकुरला, तो आधीपासूनच रडका. सेक्रेटरी रुमालाशिवाय गेटपर्यंत फिरून गेले. साहेबांनी पाठ थोपटली. घरी तडक सोफ्यावर बसलो. बायकोने हुंगून पाहिलं आणि म्हणाली, आता तुम्हाला फिनेलचा वास येतोय. या बाईला समाधान म्हणून नाही.

१८ मार्च
वा. हवा सोडतो त्या एरेशनच्या टाकीत ऑक्सिजन वाढतोय. मीटरवर इतका आकडा मी कधीच पाहिला नव्हता. पाणी इतकं शुद्ध झालंय की त्याला हवेची गरजच उरली नाही. लगेच एक ब्लोअर बंद केला. विजेची बचतही माझ्याच खात्यावर.

मॅडम लॅबमधून धावत आली. "ऑक्सिजन वाढला नाहीये. श्वास घेणारंच कुणी उरलं नाहीये."

नाटकी बाई. मायक्रोस्कोपमधून बघा म्हणून हात धुऊन मागे लागली. मी बघितलं नाही. माझं नाव वर जाणार हे हिला खुपतंय. सुरुवातीपासून मला पाण्यात पाहते.

२० मार्च
टाकीवर पांढरा फेस. ऑपरेटर म्हणतो, बाहेर जाणारं पाणी गढूळ येतंय. त्याला समजावलं की फेस हे स्वच्छतेचंच लक्षण आहे, साबणालाही येतो. तो बघतच राहिला. पटलं असावं.

२२ मार्च
क्लोरीन संपलं. पुरवठादार म्हणतो, तुमचा तिमाहीचा माल आठवड्यात कसा संपला? मी म्हटलं, तू माल विक, चौकशा करू नकोस. त्याने फोन ठेवला. माल पाठवणार की नाही, ते राहिलंच.

२४ मार्च, सकाळी सहा
वास.

२४ मार्च, दुपारी
हा पहिला वास नव्हे. पहिला घरगुती होता. मेलेला सगळा गाळ टाकीत सडतोय, असं मॅडमचं म्हणणं. बंद ब्लोअर चालू केला तर वास आणखी लांब पोचला. ऑपरेटरने जेवणाचा डबा तसाच परत नेला. सोसायटीने खिडक्या लावून घेतल्या. सेक्रेटरी आले नाहीत, त्यांनी वकील पाठवला.

२८ मार्च
पाहणी झाली. बोर्डाचे दोघे गाडीतून उतरले, तिसरे काच वर करून आतच बसले. उतरलेले दोघेही लगेच परत गाडीत. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, तसा हा सामूहिक प्रयोग होता. कुणीच माझ्या बाजूने बोललं नाही. या प्लांटवर टीमवर्क नाही, हे मी केव्हापासून म्हणतोय.

३० मार्च
आता टाकीत दुसरीकडून जिवंत गाळ आणून ओतायचा. विरजण लावतात तसं. मॅडमने सुचवलं, साहेबांनी फोनाफोनी केली. जवळपास धडधाकट जंतू एकाच ठिकाणी आहेत म्हणे. रिफायनरीत. तेलकट पाणी साफ करायला त्यांचा स्वतःचा प्लांट आहे.

दुपारी टँकर आला. पुढच्या सीटवरून गमबूट घातलेला साडू उतरला. तीन वर्षांपासून तो प्लांट हाच सांभाळतो. म्हणे, जेवताना सांगितलं होतं. त्याच्या अंगालाही आमच्यासारखाच वास येत होता, बरं वाटलं. त्याची आणि मॅडमची जी गट्टी जमली ती सुटेचना. मी पाइप धरून उभा.

१६ एप्रिल
वास जवळजवळ गेला. साडू दर दोन दिवसांनी येऊन टाकी बघून जातो, फुकट. पण माझ्या क्लोरीनने आधी सगळं साफ करून ठेवलं नसतं, तर त्याच्या जंतूंना इतकी मोकळी जागा मिळाली असती का? साहेबांना हे सांगितलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. या वेळी मागे घड्याळ नव्हतं.

२३ एप्रिल
साहेबांनी नाव वर पाठवलं. कुणाचं, ते सांगत नाहीत. मॅडमचं नक्की नाही. तिने स्वतःच सांगितलं, तिला लॅब सोडायची नाही. मग उरलं कोण? नवा शर्ट शिवायला टाकला. बायकोला म्हटलं, आता सोफा माझा.

२ मे
नवे प्लांट-प्रमुख हजर झाले. रिफायनरी सोडून आले. बोर्डानेच बोलावून घेतलं.

बायकोला हे आठवडाभर आधीपासून माहीत होतं. बहिणीने सांगितलं होतं. म्हणाली, तुम्ही नव्या शर्टात इतके खूश होतात, माझ्याने बोलवेना.

ठरवलं, ह्याला सर म्हणायचं नाही. मेलो तरी नाही. हा आमच्यात धाकटा. दिवसभर समोर गेलोच नाही. पण दुपारनंतर डोकं असं चढलं की घरी जाऊन पडावंसं वाटलं, आणि लवकर जायचं तर परवानगी प्रमुखांची. बराच वेळ बाहेर उभा राहिलो. ऑपरेटर बघून गेला. मॅडमही बघून गेली. शेवटी दार लोटलं आणि म्हटलं, "येऊ का, सर?"

"अहो साडूभाऊ, सर काय, या ना," तो म्हणाला. "बसा."

माझ्यासमोर त्याने खुर्ची ओढली. साधी, पाहुण्यांची. मी उभ्यानेच परवानगी मागितली.