विश्रामबाग, तिसरा मजला

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पांढरे तीळ एक किलो – २२०. चिकीचा गूळ एक किलो – ७५. वाणाला स्टीलच्या वाट्या दोन डझन – ४३२ (४८० सांगत होता). बाजरी दोन किलो – ८४. ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे – ९०. सुगडं पाच – १००.
विश्रामबागेतल्या घराचा विसार – १,००,०००. पावती नाही.

शेवटच्या ओळीला पेन अडला. नाथाजी भावजी तिळगूळ घ्यायला म्हणून आले आणि लाख रुपये घेऊन गेले! ह्यांच्या पलटणीतले, सतरा वर्षं एका कंपनीत. त्यांचा सांगलीला विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, तो आपण घ्यायचा – एकतीस लाखाला. ह्यांनी कपाट उघडलं, मोजले, दिले. मी म्हटलं, पावती? तर ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चहा टाकायला आत गेले.

चहा देताना विचारलंच – भावजी, सोसायटीला महिन्याला किती भरावं लागतं?

“आवं वैनी, किरकोळ हाय. दोन हजाराच्या आतबाहेर. त्येचं काय घिऊन बसलाय!”

आत की बाहेर? दूधवाल्याला मी असं बोलू देत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

किंक्रांत. आज चांगलं काम करू नये म्हणतात. केलं नाही. नुसती काळजी केली.

१६ जानेवारी, गुरुवार

राहतं घर असताना दुसरं घर ही चैन, असं जाऊबाई आज तोंडावर म्हणाल्या. उत्तर इथं लिहिते.

घर स्वानंदीसाठी. पोरगी विश्रामबागेत कॉलेजात तासांवर शिकवते, भाड्याच्या एका खोलीत राहते. कराडचा फ्लॅट दोघा नवराबायकोच्या नावावर होता. जावयांनी एक दिवस कागद पुढं केला – “इथं सही कर, बँकेचं आहे.” हिनं केली. हक्कसोडपत्र निघालं! वर्षाच्या आत हिची बॅग जिन्यात. मला फोन केला तेव्हा रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तेव्हाच समर्थांपुढं बोलले होते – एक दार असं घेईन की तिथून तिला कुणी ‘नीघ’ म्हणू शकणार नाही. एकटीच्या नावावर. ह्यांचे निवृत्तीचे पैसे, माझ्या पाटल्या, पोस्टातली ठेव. सगळं त्यात जाणार. पाटल्यांचं वाईट वाटत नाही. खरंच नाही.

पण घराची किंमत एकदा देऊन सुटता येतं. सोसायटीचे पैसे दर महिन्याला दारात येऊन उभे राहणार, आणि ते भरायचे स्वानंदीला. मे महिन्यात तर तिला तासही नसतात. म्हणून विचारते. खोड म्हणून नाही!

१७ जानेवारी, शुक्रवार. संकष्टी

भांडण. भावजींचा फोन – येत्या आठवड्यात कागद उरकू. मी म्हटलं, पौषात घराचा कागद करायचा नाही.

“पलटणीत पौष नसतो,” हे म्हणाले.

“ही पलटण नाही. गणेश जयंतीला करू, तोवर मी सही करायला स्वानंदीला पाठवणार नाही.”

बरीच आदळआपट करून कबूल झाले. माघात, एक तारखेला वकिलांकडं बसायचं, सोमवारी नोंदणी.

देवा, तुला माहीत आहे – पौष हे अर्धंच कारण. चौकशीला वेळ हवा म्हटलं असतं तर ह्यांनी ऐकलं नसतं. पौष म्हटलं की ऐकतात. उपास तुझाच आहे, माफ कर.

२० जानेवारी, सोमवार

सांगलीला जाऊन आले. एसटी, बायकांचं अर्धं तिकीट. ह्यांना सांगितलं, लेकीला तिळगूळ द्यायला जाते. दिलाही.

उरलेल्या वाट्या पिशवीत घालून नेल्या होत्या. रथसप्तमीपर्यंत दारात आलेल्या सवाष्णीला कोण परत पाठवतं? स्वानंदी खालीच थांबली. “आई, तू जा. मला कुंकू लावताना बायका थबकतात.” मी एकटीच आत गेले. 

इमारत बारा घरांची. रंग जुना, पण जिना झाडलेला, टाकीला झाकण. बरं वाटलं. लिफ्टपाशी गेले तर दाराला साखळी, आणि पुढं कुणाचं तरी चपलांचं कपाट!

दुसऱ्या मजल्यावर रेश्मा म्हणून आहे. चांगली, बोलकी. हळदीकुंकू झालं, वाटी दिली, तिनं मला कंगवा दिला. तिसऱ्या मजल्यावरचं घर घेतोय म्हटल्यावर तिनं लाडवाचा डबाच पुढं ठेवला.

“नाथाजीकाकांचं? अहो काकू, त्यांनी पंधरा महिने एक रुपया भरलेला नाही! महिन्याला एकोणीसशे, वर व्याज. आणि लिफ्टची वर्गणी वेगळी.”

“कसली वर्गणी?”

“नवी लिफ्ट बसवायचीय. घरटी पंच्याऐंशी हजार. सभेत ठरलंय. काका द्यायला तयार नाहीत, मग बाकीच्यातलेही चार जण म्हणतात, ते देईनात तर आम्ही का द्यायचे? बसलीय तशीच.”

सेक्रेटरी भाऊसो तळमजल्यावरच राहतात, त्यांच्याकडं गेले. बँकेतून निवृत्त झालेले, बनियनवर होते, शर्ट घालून आले. मी मॅट्रिक आहे, मला सावकाश सांगा म्हटलं. सांगितलं. महिन्याच्या एकोणीसशेत पाणी, जिन्याचे दिवे, झाडलोट, वॉचमन. त्यातलेच थोडे दर महिन्याला सिंकिंग फंडात बाजूला पडतात – “ती इमारतीच्या म्हातारपणाची पुंजी, वहिनी. तिला हात लावायचा नसतो.” हे मला पटलं. मी पोस्टात तेच करते. भाऊसो म्हणाले, लेक स्वतः राहणार असेल तर ठीक. पुढंमागं भाडेकरू ठेवलात तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही त्याचे पैसे, वर पडतील.

“आणि मागचं थकलेलं?”

“ते भरल्याशिवाय सोसायटी ना-हरकत देणार नाही. कोण भरतंय ते तुम्ही दोघं बघा. घेऊन बसल्यावर मात्र आम्ही तुमच्याच दाराला येणार!”

निघताना रेश्मा खाली आली, म्हणाली, एक वाटी उरलीय का? अंबूबाईंची. नाथाजी भावजींची बायको. खुब्याचं हाड मोडलेलं, जिना चढता येत नाही, म्हणून लोणंदजवळ भावाकडं राहतात. “त्यांचं वाण गेल्या वर्षीपासून मी बाजूला ठेवते. दिवाळीत त्यांचं कार्ड आलं होतं – लिफ्ट झाली का, झाली की कळव, मी येते.” मी म्हटलं, तुझ्याकडं कशाला, मीच भावजींच्या हाती देईन. वाटी पिशवीत परत घातली.

परतीच्या गाडीत एकच आकडा डोळ्यापुढं. पंच्याऐंशी हजार. किरकोळ म्हणे!

२१ जानेवारी, मंगळवार

ह्यांना सांगितलं. सगळं. जेवण झाल्यावर सांगितलं, तेवढी अक्कल ठेवली.

“वाण वाटत माझ्या माणसाची चौकशी केलीस?”

मी म्हटलं, वाण वाटत केली म्हणून खरं कळलं.

“बरफात एका दोरीला बांधलेलो आमी. माझा पाय सुटला तवा त्यानं धरलं. त्या दोरीची पावती घेतली व्हती का म्या?”

दोरी खरी आहे. थकबाकीही खरी आहे. हे उष्टं ताट तसंच ठेवून बाहेर गेले.

२३ जानेवारी, गुरुवार

दोन दिवसांत हे एकच शब्द बोलले – “मीठ.”

२५ जानेवारी, शनिवार. एकादशी

भावजी आले. ह्यांनीच बोलावलं होतं, मला न सांगता. मी दाराशी उभी राहिले. आत जा म्हणाले नाहीत.

“नाथा, सोसायटीचं थकलंय ते मला का न्हाई सांगितलंस?”

भावजी आधी हसले. मग हसू मावळलं. म्हणाले, “काय सांगू? लिफ्ट बंद पडली त्या दिवसाधरनं म्या पैसं बंद केलं. लिफ्ट न्हाई तर पैसं न्हाई. अंबूला दवाखान्यात न्यायचं व्हतं, हाका मारल्या तर शेजारची दारं लावून बसली. पाठीवर घिऊन उतरलो तिला, तीन मजलं. दर वळणाला म्हणायची, आवं ठेवा मला, तुमी पडाल. आता तिथं पाय ठेवू वाटत न्हाई. त्येचं पैसं मागत्यात व्हय माझ्याकडं?”

माझा राग निम्मा उतरला. पण निम्माच. म्हटलं, “भावजी, तुमच्या घरात तेवढे दिवस पाणी येत होतं ना? ते बाकीच्यांनी भरलं.”

भावजी ह्यांच्याकडं बघून म्हणाले, “वैनी म्हंजी ऑडिट हाय रं गड्या!”

“तिलाच इचार आता,” हे म्हणाले. मला चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

ठरलं ते असं. थकबाकी आणि व्याज भावजींचं, किमतीतून वजा. लिफ्टचे पंच्याऐंशी हजार आमचे, कारण तीत बसणार आपण. लाखाची पावतीही लिहून दिली, माझ्या समोर, कुरकुरत!

घर कुणाच्या नावावर, ते ह्यांनी विचारलं. “अंबूच्या. तिच्या म्हायेरच्या वाटणीचं पैसं घातलं व्हतं. तिची काळजी नगं. म्या सांगीन तिथं सही करती ती.”

उपासाची खिचडी दोघांना वाढली. भावजींनी दोनदा घेतली. वाटीची आठवणच राहिली नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

भाऊसोंचा फोन. आम्ही लिफ्टचे देणार कळल्यावर त्या चौघांतले तिघं तयार झाले. “वहिनी, पाडव्यापर्यंत लिफ्ट चालू बघा!” साखर ठेवली देवापुढं.

पाटल्या सोनाराकडं देऊन आले. वजनात नेहमीसारखी घट धरली. हुज्जत घातली, थोडं परत आणलं.

३० जानेवारी, गुरुवार

माघ लागला. ह्यांनी कागदांची फाइल केली, वर लाल पेनानं ‘स्वानंदी’ लिहिलं. अक्षर अजून पलटणीतलंच – सगळी अक्षरं सरळ उभी. मी बघतेय कळल्यावर फाइल पालथी घातली.

३१ जानेवारी, शुक्रवार

स्वानंदीला फोन केला. म्हटलं, उद्या दहाला वकिलांकडं ये, आधार आणि पॅन आण, हिरवी साडी नेस. हसली. किती दिवसांनी!

मग विचारलं, “आई, घर त्या काकूंचं ना? त्यांना विचारलंय?”

“अगं, त्या सही करणार आहेत.”

फोन कट झाला वाटलं.

“माझीही सही होती, आई.”

फोन ठेवल्यावर वाण ठेवलेल्या पिशवीत हात घातला. एक वाटी उरलेली. घासलेली, कागदात गुंडाळलेली. ‘लिफ्ट झाली की कळव, मी येते.’ हे मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी. इथं वर माझ्याच हातानं लिहिलंय. आणि पुढचा आकडा मोजायला लागले होते!

रेश्माला फोन करून त्या कार्डावरचा पत्ता घेतला. फोन नंबर तिच्याकडं नाही, अंबूबाईंकडं फोनच नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार. गणेश जयंती

वकिलांकडं गेलो नाही. हे म्हणाले, “लाख अडकलं. नाथा बोलणार न्हाई जलमभर.” मी म्हटलं, माहीत आहे. मग ह्यांनीच पत्राचं पाकीट माझ्याकडून घेतलं आणि पिनकोड स्वतः लिहिला, सरळ उभ्या आकड्यांत. आत मी लिहिलं ते हे –

सौ. अंबूबाई यांस नमस्कार. आपली ओळख नाही. तुमचं संक्रांतीचं वाण माझ्याकडे राहिलं आहे. तुमचं विश्रामबागेतलं घर माझ्या लेकीसाठी घ्यायचं चाललं आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं का? पैसे भरले तर लिफ्ट पाडव्यापर्यंत होते आहे, हे सांगितलं का? तुमच्या मनात परत यायचं असेल तर आम्ही दुसरीकडे बघू. कुणी पुढं केलेल्या कागदावर सही करण्याआधी मला तुमच्या हातचं एक अक्षर हवं. तिकीट लावलेलं पाकीट आत घातलं आहे. उलट टपाली कळवा.