ताईची उत्तरं

३ मार्च, मंगळवार

सगळी उत्तरं ताईची लिहून आले! कागदावर नाव माझं, अक्षर माझं आणि उत्तरं तिची. तिथे, दवाखान्यात, कळलं नाही. परतताना बसमध्ये एकदम लक्षात आलं.

ऑटिझमची चाचणी — या वयात! प्रत्येक वाक्यासमोर चौकोन: पूर्ण पटतं, थोडं पटतं, थोडं पटत नाही, मुळीच पटत नाही. नव्या माणसांना भेटायला आवडतं का? पूर्ण पटतं — कारण कुणी विचारलं तर असंच सांगायचं, हे ताईने शाळेत असताना शिकवलंय. बारीकसारीक गोष्टी नजरेत भरतात का? थोडं पटत नाही — कारण आपलं कौतुक आपण करू नये, हेही तिचंच. आणि मी दिवसभर करते काय? दातांच्या लॅबमध्ये कॅप बनवते. शेजारच्या दाताचा नेमका पांढरा ओळखून तसाच बनवते. ही नजर नसती तर मालकांनी मला कधीच घरी बसवलं असतं.

चाचणीचा हट्टही ताईचाच. ती नर्स आहे. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला मेट्रनची जागा मिळतेय. अशी जागा याआधीही आली होती आणि तिने नाकारली होती, हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. कशासाठी नाकारली, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. या वेळी म्हणाली, "तुझं काय ते एकदा नीट कळू दे, ठमे. मग मी ठरवते." महिनाअखेरीला तिला कळवायचंय.

आणि मी तिला तिचीच उत्तरं परत केली.

४ मार्च, बुधवार

दवाखान्यात फोन करायला हवा. केला नाही.

६ मार्च, शुक्रवार

फोन जमेना, म्हणून स्वतःच गेले. मानसतज्ज्ञ बाईंना म्हटलं, "मी चुकीचं लिहिलंय." त्या रागावल्या नाहीत. नवे कागद दिले. "काय वाटायला हवं ते नको. तुम्ही खरंच काय करता, ते आठवा."

आठवायला बसले आणि अडकले. माझं कुठलं, ताईचं कुठलं? समारंभात भिंतीला पाठ लावून उभी राहते — हे माझं. मध्येच हसते — हे तिचं. ती लांबून खूण करते. मालकांना सकाळी 'काय म्हणताय' विचारते, ते तिचं. उत्तर ऐकायला थांबत नाही, ते माझं.

मनात चोर आहेच. दुसऱ्या वेळी सगळं जरा भडक करून लिहिलं का? 'आहे' असं निघालं, तर ताईचे कष्ट एका हट्टी बहिणीच्या लाडांपायी वाया गेले नाहीत, असं तरी म्हणता येईल. बाई म्हणाल्या, निदान झालं तर मदतीला माणसं मिळतात, गट असतात. म्हणजे ताई मोकळी. म्हणजे हे मी तिच्यासाठी करतेय. असं लिहिलं की बरं वाटतं, पण खरं आहे का माहीत नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज दवाखान्यात बाईंनी माझ्या लहानपणाबद्दल ताईला विचारलं. आई नाही, म्हणून ताई. मी शेजारच्या खुर्चीत.

इतर मुलांत खेळायची का? "खेळायची की. मी असायचे ना."

शाळेत काही तक्रार? "छे. मी आधीच वर्गाच्या बाईंशी बोलून ठेवायचे."

कपड्यांचा त्रास? "नाही हो. नवा फ्रॉक आधी मी घालायचे थोडे दिवस. मऊ झाला की हिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता तुम्ही तिथे नाही असं समजा. मग सांगा."

ताई म्हणाली, "तसं कधी झालंच नाही."

मी खिडकीकडे बघत बसले. तो फ्रॉक! माझ्या मापाचा फ्रॉक तिला दंडात काचायचा, लाल वळ उठायचे. मला वाटायचं, ताई हावरट आहे, माझं नवं सगळं आधी तीच पळवते. मी आईला चुगली करायचे. आई तिला ओरडायची. ती गप्प ऐकून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फ्रॉक.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१३ मार्च, शुक्रवार

लॅबमध्ये एक कॅप भट्टीत जास्त वेळ राहिली. करपली.

१९ मार्च, गुरुवार

आहे. ऑटिझम आहे. बाईंनी शांतपणे सांगितलं, कागद वळवून दाखवला. म्हणाल्या, पहिले कागदही ठेवलेत, तेही कामाला आले; किती पाठ करून घेतलंय, ते त्यांत दिसलं.

खूप हलकं वाटलं. म्हणजे मी आळशी नाही, माणूसघाणी नाही.

ताई बाहेर बाकावर बसून रडली. मी तिला पाणी आणून दिलं, बाटलीचं झाकण काढून. शेजारी बसायला हवं होतं. समोर उभी राहिले. बसायचं असतं, हे घरी आल्यावर सुचलं.

२३ मार्च, सोमवार

ताईने जागा नाकारली. आज सकाळीच कळवून टाकलं, मला न विचारता. म्हणाली, "आता तर नक्की कळलं. आता कशी जाऊ?"

मी म्हटलं, "तू जा, ताई. माझं मी बघेन. खरंच."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "हे मीच शिकवलंय तुला, ठमे. अस्सं, याच आवाजात."

शिकवलं असेल. पण आज ते माझं होतं. आणि हे तिला पटवायला माझ्याकडे दुसरं वाक्य नाही.