कारण दिलेले नाही

बाबा, मंगळवारी नवे पाळक घरी आले होते. मंडळीतील दिवंगत सभासदांची नावे दगडावर कोरून चर्चमध्ये लावायची आहेत, आणि त्या यादीत तुमचे नाव नाही. "काका, सभासदांतून पिताजींचं नाव कमी करण्याचा जुना ठराव मी वाचला. त्यांनी कारण सांगितलंच नव्हतं का? कुणाला ठाऊक असेल तर कमिटी ठराव मागे घेईल," असे ते म्हणाले. ठराव लिहिणारा चिटणीस मीच, हे त्यांना खालच्या सहीवरून कळलेच होते.

बांगलादेशच्या युद्धाचा तो हिवाळा. कारखान्यात तुम्ही बारा-बारा तास तोफगोळ्यांत स्फोटक दारू भरत होता आणि मनगटापर्यंत पिवळे झालेले हात घेऊन सायकलने घरी येत होता. साबणाने तो रंग जात नसे. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून, दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर म्हणून वाटायच्या पावाच्या कडा काढायच्या आणि चौकोनी तुकडे करायचे, हे वर्षानुवर्षे तुमचे काम. त्या शनिवारी तुम्ही सुरी माझ्यापुढे सरकवता. "आता तू काप." मी कारण विचारतो.

"आठवडाभर गोळे भरून राहिलो. ते कोणाच्या घरावर पडते, मले काय माहीत? या हातानं हे कापवत नाही. खाववतही नाही."

"'भरून राहिलो' नव्हे, 'भरत आहे'," मी म्हणतो.

"अच्छा गुरुजी, भरत आहे. झालं समाधान? आता काप."

"मग नोकरी सोडा."

"काहून सोडू? देशाले लागते न गोळे. तेही खोटं नाही."

त्यानंतर तुम्ही शेवटच्या बाकावर बसू लागलात, आणि पावाचे तबक आले की ते तसेच पुढे देऊ लागलात. युद्ध संपले, तरी तुमचा हात तबकाकडे गेला नाही. वर्षभराने मंडळीच्या पंचांनी तुम्हाला बोलावले. "जो प्रभूच्या मेजावर येत नाही, तो ख्रिस्ती कसला?" अध्यक्षांनी विचारले. पंचांपैकी तिघे तुमच्याच कारखान्यातले होते, त्यांच्याकडे पाहून तुम्ही म्हणालात, "मले काही सांगायचं नाही, जी." कारण ऐकल्यावर त्यांनाही तो पाव गिळवला नसता; तुम्ही त्यांच्या तोंडचा घास जपलात, असे मला आज वाटते. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले: "मास्तर, तुम्हाला घरचं काही ठाऊक?" मी नकारार्थी मान हलवली आणि लिहिले: वारंवार विचारूनही कारण दिलेले नाही, सबब नाव कमी करण्यात येत आहे. घरी तुम्ही तो कागद मागून घेतलात, सावकाश वाचलात आणि परत देताना एवढेच म्हणालात, "अक्षर चांगलं आहे तुझं." पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा त्याच बाकावर होता. मरेपर्यंत होता.

ख्रिस्ती कोण, हे ठरवण्याचा अधिकार केवळ देवाचा आहे, असे मी आयुष्यभर वर्गांत आणि सभांत सांगत आलो; ऐकणारे माना डोलवीत. प्रत्यक्षात तुमच्यापुरते ते मी ठरवले, एका ओळीत. त्या खोलीत त्या पावाच्या तुकड्याला सर्वांत अधिक भिणारा माणूस तुम्ही होता, आणि हे ठाऊक असलेला मी एकटा होतो.

पाळकांना मी म्हणालो, "फार वर्षे झाली. आठवत नाही." त्यांनी चहा संपवला, सलाम केला आणि ते निघाले. यादी शुक्रवारी कोरणाऱ्याकडे जाणार आहे. हे कागद त्यांच्या हाती द्यावेत, असे लिहिताना दोनदा वाटले. देणार नाही. मी थकलो आहे. शिवाय, तेव्हा मी गप्प का राहिलो, हे ते विचारतील. तुम्ही कधी विचारले नाही. मी शिकवत होतो ती शाळा त्या अध्यक्षांच्या हाती होती, बाबा, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.