शुगरचं पेन

सूनबाई,

माझं इन्सुलिन संपलं, म्हणून सकाळी फ्रिजमधलं तुझं पेन टोचून घेतलं. "मलाही शुगर निघालीय," असं तूच म्हणाली होतीस ना? मग तसलंच नवं आणायला दुकानात गेले, तर औषधवाला डोळे विस्फारून म्हणाला, "आजी, दिवस राहावेत म्हणून घेतात हे!"

मला काही होणार नाही म्हणे, पण तुझा आजचा डोस गेला. तोच आणायला तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे निघालेय.

दहा दिवस तू एकटी टोचून घेत होतीस, आणि मी येता-जाता "गोड बातमी कधी?" विचारत होते. जीभ झडो माझी. वर तुझ्या चहातली साखर बंद केली!

थर्मासमध्ये चहा आहे. दोन चमचे घातलीय.

आई