वाचून दाखवलेला जबाब

दादा, तुमच्या बदलीवरून मी किती वर्षं धुसफुसत होते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नववी अर्ध्यावर सोडून पारनेरकडच्या नव्या शाळेत मागच्या बाकावर बसायचं, आणि ते कशापायी, तर तुम्ही एका ऊसतोड करणाऱ्या बाईचा जबाब तिला वाचून दाखवलात म्हणून!

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तुमची शाळकरी लेक, मी तुमचा डबा घेऊन प्रवरेकाठच्या चौकीत आले आहे. तुम्ही तिथले रायटर हवालदार, सगळ्यांचे जबाब तुमच्या हातचे. समोर ती बाई. तिच्या तक्रारीत ज्याचं नाव, तो बागाईतदार बाहेर साहेबांबरोबर चहा पितोय. 'अंगठा घ्या आणि मिटवा,' असं साहेब दोनदा सांगून गेले. 'वाचून दाखवला, बरोबर आहे' ही शेवटची ओळ सगळेच लिहितात, वाचत कोणी नाही. तुम्ही मात्र चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सुरू केलंत. मध्येच ती म्हणाली, "ढकललं न्हाई हवालदारसाहेब, लाथ मारली. पोटात." तुम्ही शब्द खोडलात, बाजूला सही केलीत, नवा लिहिलात. घरी जाताना मी फणकारले, "त्याला काही होणार नाहीये, मग कशाला एवढं?" तुम्ही सायकल थांबवलीत. "त्याचं काय व्हईल ते माझ्या हातात न्हाई. तिचं सांगनं तिच्यासारखं लिवनं माझ्या हातात हाय. पुन्यांदा असं बोलू नको." महिन्याभरात बदलीचा कागद आला.

आता मीही जबाबच घेते, परमुलखातल्या एका छावणीत. युद्धातून पळून आलेली माणसं सांगतात, दुभाषी मला सांगतो, मी आंतरराष्ट्रीय चौकशीसाठी लिहिते. मागच्या महिन्यात बड्या देशांची बैठक झाली. ज्यांची विमानं या लोकांवर बॉम्ब टाकतात, त्यांच्या एका दोस्त देशाने नकाराचा हात वर केला आणि चौकशी पुढे नेण्याचा सगळा ठराव पडला. दुपारपर्यंत छावणीतल्या प्रत्येक मोबाईलवर ती बातमी होती. आमचेच लोक म्हणायला लागले, हे कागद आता कोण उघडणार? त्यात माणसांना दुसऱ्या छावणीत न्यायला बसेस लागलेल्या. भराभर उरका, असा निरोप आला.

शेवटी एक म्हातारी होती. दोन्ही मुलगे हल्ल्यात मेले, असं मी लिहिलं. शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं आणि काय वाटलं कोण जाणे, पॅड मागे घेऊन दुभाष्याला म्हटलं, सगळं वाचून दाखव. तिसऱ्या ओळीला तिने माझं मनगट धरलं. थोरला मेला, तिने डोळ्यांनी पाहिलं. धाकट्याला शिपायांनी ट्रकमध्ये घालून नेलं, जिवंत. ती म्हणाली, "तुम्हीच मेला लिहिलंत, तर त्याला शोधणार कोण?"

मी खोडलं, बाजूला सही केली, नवं लिहिलं. आता धरून नेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. दादा, त्या संध्याकाळी तंबूत बसून मी तुमचे मनापासून आभार मानले. त्या बदलीसकट.

तुम्ही आता नाही आहात, हे पत्र टाकणार कुठे? तरी एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी म्हातारीच्या आधीचे चार जबाब मी वाचून दाखवले नव्हते. तिघांना धावत जाऊन गाठलं, बसवलं, वाचलं. चौथ्या बाईची बस निघून गेली होती. तिच्या कागदावर 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.