शेवंती मे महिन्यात

॥ श्री ॥
नांदेड, ६ जानेवारी २०२६

ती. सौ. मल्लम्माकाकूंना,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली माझी एक चूक आधी दुरुस्त करते. काकांच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचे बाराही फोटो माझे, असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. काल मूळ फोटो एकेक लावून पाहिले. ऑगस्टच्या पानावरच्या गुलबक्षीशेजारी, डाव्या कोपऱ्यात, माझी वेणी आली आहे. म्हणजे तो तुमच्या शिवांगीने काढला. बाकीचे अकरा माझेच. सुट्टी मिळेल तेव्हा नांदेडहून येऊन, वर्षभर तुमच्या परसात काढलेले आणि हौसेने घरच्या ग्रुपवर पाठवलेले.

तेव्हा शेवटच्या पानावर ‘सर्व छायाचित्रे : कु. शिवांगी’ असं जे छापलं आहे, ते अकरा पानांपुरतं खोटं आहे. तुम्ही विचारलं असतं तर फोटो आनंदाने दिले असते. नाव दिलं नसतं. काकांना फोन केला तर ते म्हणाले, एवढ्या बारीक अक्षरांकडे कोण बघतं. मी बघते.

आणखी एक विचारायचं आहे. शेवंती मे महिन्यात आणि मोगरा डिसेंबरात कोणी घातला? लातूरच्या मे महिन्यात शेवंतीची काय गत होते, हे तुम्हाला मी सांगावं का?

उरलेल्या प्रती वाटण्याआधी त्यावर दुरुस्तीची चिठ्ठी लावा, एवढीच विनंती. शिवांगीवर माझा राग नाही, असं लिहिणार होते. थोडा आहे.

लोभ किती उरला ते ठाऊक नाही. असेल तेवढा राहू द्यावा.

तुमची,
मंजुषा


लातूर, १२ जानेवारी

चि. मंजुषा हिला, अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. फोन मी मुद्दाम कापते. तुझ्या मोबाईलात बोललेलंसुद्धा जपून राहतं म्हणतात. कागद चुलीत तरी घालता येतो.

आधी बारा म्हणालीस, आता अकरा म्हणतीस. पुढच्या पत्रात दहा होतील. मी थांबते, मला घाई न्हाई.

फोटो तुझे, हाव. फुलं कोणाची? टँकरच्या दिवसांत घरात प्यायला पाणी नव्हतं तेव्हा तांदळाचं धुवण मोगऱ्याला कोणी घातलं? तू आलीस, वाकलीस, बटण दाबलंस, गेलीस. रेणापूरहून तुला माझ्याकडं आणून ठेवली तेव्हा तुला श्री काढता येत नव्हता. शाळेच्या आधी ह्याच परसात पाटी घेऊन बसवली तुला. अ अबोलीचा, क कण्हेरीचा. त्याच अक्षरांनी आता मला पत्रं लिहून राहिलीस. त्या अक्षरांवर मी कधी माझं नाव लावलं का?

पानं मी लावली. मे म्हणजे लगीनसराई, हळदीच्या साड्या जातात, तिथं पिवळं पाहिजे. थंडीत पांढरं शोभतं. कापडवाल्याचं कॅलेंडर हाय, शेतकी खात्याचं न्हाई.

आता कामाचं. मुदखेडच्या उमाशंकरअप्पांकडं हे कॅलेंडर गेलं. त्यांची फुलांची शेती. त्यांच्या मुलासाठी शिवांगीला मागणी आली ती हे बघूनच. अप्पांनी तुझ्या काकांना फोनवर विचारलं, मे महिन्यात शेवंती फुलवणारी पोरगी हीच का, आणि लई हसले. खूश दिसतात. रथसप्तमीला मंडळी येणार, बाग बघणार. त्या दिवशी तू लातुरात पाय टाकू नको. साखरपुडा झाला की ये, साडी घे, जेव.

तोवर तोंड बंद ठेवशील तर आशीर्वाद आहेत. न्हाई तर दिलेले परत घेते.

सौ. मल्लम्मा


नांदेड, १९ जानेवारी

ती. सौ. काकूंना, नमस्कार.

पत्र पोचलं. अप्पा खूश होऊन हसले नाहीत, काकू. फुलं पिकवणारा माणूस आहे तो.

तांदळाचं धुवण तुम्हीच घातलं. मी पाहिलं आहे, आणि कुठेही सांगेन. पण अनंताचं फूल पिवळं पडायच्या आत टिपता यावं म्हणून मी उन्हातून एस.टी.चे हेलपाटे घातले. तेही खरं आहे, आणि ते नुसतं बटण दाबणं नव्हतं.

परवा शिवांगीचा फोन आला. तिने एवढंच विचारलं: “ताई, त्यांच्या वावरात उभं करून माझ्या हातात कॅमेरा दिला तर मी काय करू?” मी म्हटलं, गुलबक्षीचा काढलास तसा काढ. ती म्हणाली, तेवढा एकच जमला. गुलबक्षी उघडेपर्यंत ती संध्याकाळभर बसून होती, आणि ऑगस्टचं पान तिनेच तुमच्याशी हट्ट करून लावून घेतलं. साऱ्या कॅलेंडरात महिन्याशी जुळणारं तेवढंच पान आहे.

ही दुरुस्ती मी तिच्यासाठी करते असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. ते खरं नाही. नाव माझं आहे म्हणून करते. स्थळ मोडलं तर तुम्ही मला बोल लावाल, आणि त्यातला अर्धा बोल खरा असेल. तरीही करणार.

पाटीवर चुकलं की तुम्ही पुसू द्यायचा नाहीत. चुकीच्या अक्षरावर रेघ मारून शेजारी बरोबर लिहायला लावायचात, चूक कुठे झाली ते दिसत राहावं म्हणून. तसंच करणार आहे. अकरा चिठ्ठ्या तयार आहेत. प्रत्येकीवर फुलाचं नाव, त्याचा खरा महिना, माझं नाव, आणि खाली ‘बाग : सौ. मल्लम्मा’. बैठकीतल्या कॅलेंडरवर, मंडळी बसलेली असताना, एकेक चिकटवीन. ऑगस्टच्या पानाला हात लावणार नाही.

आशीर्वाद परत घ्यायचे असतील तर मी यायच्या आधी घ्या. लोभाचं या वेळी काही मागत नाही.

मंजुषा

ता. क. सकाळच्या एस.टी.ने येते. रविवार, २५ जानेवारी, रथसप्तमी.