पिठातला ठिपका

आये, सगळ्यात आधी आली ती मानपाड्याची. सगळ्यात लांबची आणि सगळ्यात आधी. तिच्या घरचे हल्लीच तिकडे डोंबिवलीच्या मानपाड्याला राहायला गेलेत, पण दहावीपर्यंत शाळा इकडचीच ठेवायची म्हणून पोरगी रोज ठाण्याला येते. आणि आपल्याच बिल्डिंगमधली, वरच्या मजल्यावरची, ती आली सगळ्यात शेवटी, केस पुसत पुसत. मी म्हटलं, बाई, तुला लिफ्ट मिळाली नाही का? तर हसली नुसती. दोघी माझ्या नातीच्या मैत्रिणी, नववीतल्या. भूमितीचा पेपर आहे, म्हणून आमच्याकडे जमलेल्या. बाकीच्यांच्या घरी म्हणे टीव्ही चालू असतो. आमच्याकडे मी चालू असते, ते त्यांना चालतं.

तुला सांगते, असले एकेक शब्द त्या पोरींचे. काटकोन, लघुकोन, विशालकोन. विशालकोन म्हणजे पाय पसरून बसलेली बाई, मी लगेच ओळखलं. माझी चौथी पण पुरी झाली नाही, तू गेलीस आणि धाकट्यांना बघायला मी घरी राहिले, पण आज मला चुलीपुढे बसवून शिकवल्यासारखं वाटलं. चूल कुठली आता, गॅस आहे. मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते आणि त्या ओट्याला टेकून घोकत होत्या. भाकरी मधोमध मोडली तर तो व्यास. मधल्या बिंदूपासून काठापर्यंत त्रिज्या. माझ्या भाकरीची त्रिज्या सगळीकडून सारखी नाही, असं नात म्हणाली. म्हटलं, मग उपाशी राहा. दोन खाल्ल्या तिने.

मग मानपाड्याचीने परातीत उरलेलं पीठ हाताने सारखं केलं आणि करंगळी टेकवली. एकच ठिपका. म्हणाली, हा बिंदू. माझा हात तव्यावर तसाच राहिला, भाकरी करपली.

तुला ते माहीत असणार की नाही, कोण जाणे. तू गेलीस त्या रात्री, तू निजायचीस तिथे काकीने दिवा ठेवला, पुढे तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली उपडी घातली. गेलेलं माणूस रात्रीत येऊन जातं, पाऊल उमटवून जातं, कुणाचं चिमणीचं, कुणाचं गाईचं. सकाळी मिठागरावरच्या सगळ्या बायका जमल्या. काकीने टोपली उचलली. पिठावर काही नाही. एक ठिपका तेवढा. मी बायकांच्या पायांमधून बघते आहे. काकी म्हणाली, "दिव्याची काजली परली गो. गेली ती. मागं वलून बगलं पन नाय." आणि पीठ झाडूने भरून टाकलं.

ते एवढी वर्षं माझ्यापाशी राहिलंय. बाळकुमचं ते घर गेलं, मिठागर गेलं, तिथे आता टॉवर आहे आणि त्यातच आम्ही राहतो. लग्न झालं, पोरं झाली, सुना आल्या. पण कुठे दिवा लावला की माझी नजर आधी खाली जमिनीवर जाते. मला वाटायचं, तू खरंच बघितलं नाहीस.

मी विचारलं, एवढाच असतो का बिंदू? तर मानपाड्याची म्हणाली, "आजी, हा आपला दाखवायला काढलेला. खऱ्या बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते. फक्त जागा असते."

"मग आहे कशावरून?"

"त्याच्यातून रेषा जाते ना," नात म्हणाली. "कितीही काढ."

फक्त जागा असते. आये, मी तव्यापुढे उभी राहून ती जागा आठवली. ठिपका दिव्याजवळ नव्हता. काजळी तेवढी लांब उडत नाही. तो या बाजूला होता, जिकडे मी गोधडीत निजलेली. इतकी वर्षं मी तो केवढासा होता तेच बघत होते.

पोरी गेल्या. तुला वाचता येत नव्हतं, ते मला हे लिहायला बसल्यावर आठवलं, म्हणून हे पत्र कुठे टाकत नाही. परात धुतलेली नाही. पीठ सारखं केलंय, वर टोपली उपडी घातलीय. नातीने विचारलं, माश्या बसतील म्हणून का गं? मी हो म्हटलं.

त्रिकोण राहिलेत त्यांचे. रविवारी येतो म्हणाल्यात.